'मी फक्त ओळख करून दिली'

(घरांची खरेदी-विक्री जुळवून देणाऱ्या एजंटांसाठी महाराष्ट्रात आता परीक्षा आहे. त्या परीक्षेला बसलेल्या एका शेजारणीच्या अभ्यासाची ही हकीकत. होतकरू तरुण-तरुणींना आणि घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ती उपयोगी पडावी.)

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास दारावर थाप पडली. दारात शेजारच्या इमारतीतल्या ताई उभ्या होत्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोनशे पानी वही आणि छापील कागदांचा एक गठ्ठा.

"जयभीम सर. वेळ आहे का? एका शब्दाचा अर्थ हवा होता."

मी निवृत्त शिक्षक. तीस वर्षे मराठी शिकवले. कोणी शब्दाचा अर्थ विचारायला आले की माझी कळी खुलते. म्हटले, "बसा ना ताई. कोणता शब्द?"

"अभिहस्तांतरण."

मी घसा साफ केला. हस्तांतरण म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात देणे, त्याला 'अभि' हा उपसर्ग लागला, वगैरे वगैरे सांगितले. ताईंनी ते मुकाट्याने ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते मलाही कळलं सर. पण कोण देतो, कोणाला देतो आणि काय देतो? परीक्षेत ते विचारतात."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून कागद चाळले तेव्हा कळले, की इमारत बांधून झाल्यावर बिल्डरने जमिनीची आणि इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे लेखी करून द्यायची असते, त्याला अभिहस्तांतरण म्हणतात. सदनिकेचा करारनामा झाला, चावी हाती आली, सोसायटीची पाटीही लागली, तरी हे झाले नसेल तर पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याचीच राहते. मी गेली अठरा वर्षे माझ्या इमारतीत राहतो. आमच्या सोसायटीचे अभिहस्तांतरण झाले आहे की नाही, हे त्या संध्याकाळपर्यंत मला माहीत नव्हते!

त्या दिवसापासून पुढचे अडीच महिने आठवड्यातून तीन संध्याकाळी आमच्या घरी हा अभ्यासवर्ग भरला. विद्यार्थिनी एक, वय चव्वेचाळीस, शिक्षण बारावी. शिक्षक एक, आणि तोही विषयाला नवखा.

परीक्षा कसली?

पूर्वी घर दाखवण्याच्या धंद्याला ना परीक्षा होती ना परवाना. ज्याच्याकडे चार माणसांची ओळख आणि एक टेलिफोन तो दलाल. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे ज्याला आपण सारे 'रेरा' म्हणतो, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि हे चित्र बदलले. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका, भूखंड किंवा गाळा विकून देणाऱ्या एजंटाला या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी करावी लागते. आपल्या राज्यात ती 'महारेरा' प्राधिकरणाकडे होते. २०१७ च्या नियमांनी एका व्यक्तीसाठी या नोंदणीचे शुल्क दहा हजार रुपये ठेवले आणि मुदत पाच वर्षांची.

परंतु नोंदणी झाली म्हणजे ज्ञान आले असे नाही. पैसे भरून नंबर घेणाऱ्यांना चटई क्षेत्र म्हणजे काय हेही सांगता येत नसे. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आदेश काढला, की एजंटाला वीस तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागेल आणि त्यानंतर परीक्षा देऊन सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागेल. बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्थाच ही परीक्षा घेऊ लागली. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. जुन्या एजंटांनाही सूट मिळाली नाही. प्रमाणपत्र न आणणाऱ्या हजारो जणांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. परीक्षा संगणकावर असते आणि दिलेल्या पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायचे असते.

ही सारी माहिती ताईंनी स्वतःच मिळवली होती. मला मात्र एक कोडे पडले होते. साड्यांचा हप्त्यावरचा व्यवसाय बरा चाललेला, यजमानांची बसच्या वाहकाची नोकरी, मुलगी कॉलेजात. मग या वयात हा खटाटोप कशासाठी? एके दिवशी विचारले. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, मला माझंच एक वाक्य पुसायचंय."

एक वाक्य

हप्त्यावर साड्या विकणाऱ्या बाईला घरोघरची खबर असते. कोणाची मुलगी लग्नाची, कोणाला फंडाचे पैसे मिळाले, कोण भाड्याच्या घराला कंटाळले. स्टेशनजवळच्या एका प्रॉपर्टी ऑफिसवाल्याने हे हेरले. "ताई, घर घेणारं कोणी असेल तर फक्त ओळख करून द्या. बाकी सगळं आम्ही बघतो." गिऱ्हाईक पक्के झाले, की दोन-तीन हजार रुपये पाकिटात घालून मिळत.

२०२१ मध्ये ताईंच्या नणंदेच्या यजमानांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. हाती फंड आणि ग्रॅच्युइटी. ताईंनी हौसेने त्यांना त्या ऑफिसात नेले. रस्त्याला मोठा फलक, सजवलेले नमुना घर, थंडगार सरबत. एका खोलीचे घर, किंमत बत्तीस लाख. रेराचा नंबर विचारला तेव्हा, "अर्ज केलाय, आठ दिवसांत येतो," असे उत्तर मिळाले. दर वाढणार म्हणून घाई झाली आणि साध्या पावतीवर आठ लाख रुपये दिले गेले. करारनामा नाही, नोंदणी नाही.

बांधकाम जोत्याच्या वर गेले नाही. वर्षभराने ऑफिसचे शटर बंद झाले. हेलपाटे घालून, विनवण्या करून अडीच लाख तुकड्या-तुकड्यांनी परत आले. बाकीचे अजून बाकीच आहेत.

सगळे नातेवाईक बसले असताना कोणीतरी ताईंना विचारले, "तुमच्या ओळखीचा होता ना तो?" तेव्हा त्या म्हणाल्या, "मी फक्त ओळख करून दिली." नणंद एक शब्द बोलली नाही. पण दरवर्षी १४ एप्रिलला मुलाबाळांसह यांच्या घरी जेवायला येणारी ती बाई त्या वर्षी आली नाही.

"तेव्हा मला वाटायचं, की माझा काय दोष? मी पैसे घेतले नाहीत, पावती फाडली नाही," ताई म्हणाल्या. "मग हा कायदा वाचायला घेतला. दुसऱ्याच कलमाशी अडकले."

त्यांनी वहीचे पान माझ्यापुढे केले. कलम २ मध्ये शब्दांच्या व्याख्या आहेत. एजंट कोण, याची व्याख्या तिथेच आहे. खरेदी-विक्रीच्या व्यवहारात दुसऱ्याच्या वतीने बोलणी करणारा आणि त्याचा मोबदला घेणारा तो एजंट. त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, काहीही म्हणा. आणि घेणाऱ्याची व विकणाऱ्याची ओळख करून देणारी व्यक्तीसुद्धा त्यात स्पष्टपणे धरलेली आहे.

ताईंनी त्या ओळीखाली लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. पाकिटातले ते दोन हजार रुपये कायद्याच्या भाषेत 'मोबदला' होते आणि 'फक्त ओळख' हेच एजंटाचे काम होते!

वहीचे चार भाग

वीस तासांच्या प्रशिक्षणात खूप माहिती कानावर पडते, पण घरी आल्यावर सारी सरमिसळ होते. ताईंनी वहीचे चार भाग केले : शब्द, आकडे, कागद आणि कलमे. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाने हे करून पाहावे.

'शब्द' या भागात सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या होत्या. 'भोगवटादार' हा सातबाऱ्यावरचा जमीनधारक. 'भोगवटा प्रमाणपत्र' म्हणजे इमारत राहण्यायोग्य झाल्याचा नगरपालिकेचा किंवा नियोजन प्राधिकरणाचा दाखला, ज्याला आपण ओसी म्हणतो. 'प्रारंभ प्रमाणपत्र' ही बांधकाम सुरू करण्याची परवानगी. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. 'प्रवर्तक' म्हणजे आपला बिल्डर. या जोड्या पाठ केल्या, की निम्मी भीती जाते.

'आकडे' या भागात गणित. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. आम्ही घरीच उदाहरणे तयार केली. समजा, करारनाम्यात चटई क्षेत्र ३८.५० चौरस मीटर लिहिले आहे, तर फूट किती? सुमारे ४१४. मग ऑफिसात बसलेला माणूस "सहाशे फुटांचं घर आहे," असे कशाच्या जोरावर सांगतो? कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. घराच्या आतले वापरायचे क्षेत्र आणि आतल्या पडद्या (खोल्यांमधल्या भिंती) त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, नळ-वायरींचे शाफ्ट, घराची स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. आतली भिंत आत, बाहेरची भिंत बाहेर, असे सूत्र ताईंनी करून ठेवले होते.

'कागद' या भागात प्रत्येक कागद कोठून मिळतो, त्यात काय असते आणि काय नसते, हे लिहिले होते. गाव नमुना सात म्हणजे जमिनीचा अधिकार अभिलेख आणि बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, जमिनीचा हक्क कसकसा बदलत गेला त्याची नोंद. शहरी भागात मिळकत पत्रिका. दस्त नोंदवल्यावर मिळते ती सूची क्रमांक दोन, म्हणजेच इंडेक्स टू.

सर्वांत अवघड भाग कलमांचा. कायद्याची भाषा अशी, की वाक्य सुरू झाले की संपायचे नाव घेत नाही. येथे माझे व्याकरण थोडे उपयोगी पडले. कलम ३ म्हणते, की प्रत्येक प्रकल्पाची आधी नोंदणी हवी. नोंदणीपूर्वी जाहिरात करू नये, बुकिंग घेऊ नये. मात्र जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर सूट आहे. ताई प्रथम 'आणि' वाचत होत्या. मी म्हटले, "ताई, शब्द 'किंवा' आहे. यांपैकी एक अट पुरी झाली तरी नोंदणीची सक्ती नाही." एका शब्दाने उत्तर बदलते. परीक्षेतही आणि संसारातही.

आपल्याच घरातले उदाहरण

कलमे पाठ होईनात, तेव्हा ताईंनी एक युक्ती केली. युक्ती कसली, मन घट्ट करण्याचेच काम ते. नणंदेच्या व्यवहाराची संपूर्ण हकीकत त्यांनी एका पानावर लिहून काढली आणि प्रत्येक ओळीपुढे कलम मांडत गेल्या.

नंबर नसताना फलक लावला आणि बुकिंग घेतले : कलम ३ चा भंग.

एजंटाची स्वतःची नोंदणी नव्हती : कलम ९. नोंदणी असलेल्या एजंटाने आपला नंबर प्रत्येक व्यवहारात नमूद करायचा असतो.

नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर विकायला मदत केली. आठ दिवसांत नंबर येतो, असे सांगितले. एकही कागद दाखवला नाही : कलम १०. एजंटाने काय करू नये आणि काय करावे, हे त्यात आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाला हात लावायचा नाही, खोटी माहिती द्यायची नाही, हिशेब ठेवायचा आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काने मिळायची ती माहिती व कागदपत्रे मिळवून द्यायची. कलम ९ किंवा १० मोडले, तर कलम ६२ प्रमाणे दररोज दहा हजार रुपये दंड, आणि तो त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. बत्तीस लाखांवर पाच टक्के म्हणजे एक लाख साठ हजार.

साठेखत करून त्याची नोंदणी करण्याआधी आठ लाख घेतले : कलम १३. त्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणजे बत्तीस लाखांच्या घराला जास्तीत जास्त तीन लाख वीस हजार.

त्याच पानावर पुढे त्यांनी, नियम पाळले गेले असते तर काय मिळाले असते, हेही लिहिले. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवून फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे असतात. ताबा वेळेवर दिला नाही, तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात किंवा घर ठेवून विलंबाचे व्याज मागता येते. हे कलम १८. आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो तीस दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करायचा. हे कलम १४.

ते पान पुरे झाल्यावर ताई बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. "सर, यातलं एक कलम जरी मला तेव्हा ठाऊक असतं..." एवढेच बोलल्या. पण त्यानंतर त्यांना कलमे पाठ करावी लागली नाहीत.

पहिला प्रयत्न

ताई पहिल्या खेपेस नापास झाल्या. हे लिहायला त्यांनीच मला परवानगी दिली, किंबहुना आग्रह केला. अभ्यास कमी नव्हता. पण जन्मात कधी संगणकाचा माऊस हातात धरला नव्हता. मोबाइलवर बोटाने सरकवायची सवय. परीक्षा केंद्रात बाण एकीकडे आणि नजर दुसरीकडे. घाबरून पहिल्याच काही प्रश्नांवर फार वेळ गेला आणि शेवटचे प्रश्न वाचायचेच राहिले.

त्या रात्री त्यांची मुलगी आमच्याकडे आली. म्हणाली, "सर, आईला सांगा ना. ती म्हणते, माझ्याच्यानं होणार नाही." मी काही सांगायच्या आधीच ताई मागोमाग आल्या, वही घेऊन. मुलीला म्हणाल्या, "उद्यापासून तुझ्या कॉलेजजवळच्या त्या संगणकाच्या दुकानात रोज अर्धा तास बसायचं. पैसे मी देते, तू शिकव."

दुसऱ्या खेपेस त्यांनी तीन गोष्टी पाळल्या. जो प्रश्न येतो तो आधी सोडवायचा, अडला तर पुढे जायचे. चारही पर्याय वाचल्याशिवाय खूण करायची नाही. आणि 'फक्त', 'नेहमी', 'कोणत्याही परिस्थितीत' असे शब्द दिसले, की थांबून पुन्हा वाचायचे. निकाल मोबाइलवर आला. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीसारखे गुण नव्हते, पण पास होण्यापुरते होते. ताईंनी पेढे वाटले नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर तारीख तेवढी लिहिली.

नणंदेची फाइल

नोंदणीचा नंबर हाती पडून महिना झाला असेल. एका रविवारी ताईंकडे कोणी पाहुणे आले आहेत, असे समजले. थोड्या वेळाने मलाच बोलावणे आले. जाऊन पाहतो तो नणंद आणि तिचे यजमान बसलेले. मांडीवर फाइल. उरलेल्या पैशांत गावाकडे थोडी जमीन घेऊन घर बांधावे, असा विचार होता. विकणारा आपल्यातलाच, ओळखीचा.

"वहिनी, उद्या टोकन द्यायचंय. म्हटलं, तुम्हाला एकदा दाखवावं."

"वन्सं, चहा नंतर. आधी सातबारा द्या."

खरे पाहता हे ताईंच्या परवान्याचे काम नव्हते. तो परवाना महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पांपुरता असतो. पण कागद वाचायला परवाना लागत नाही. ताईंनी चष्मा लावला. वरचा तपशील पाहिला, क्षेत्र पाहिले, मग बोट ठेवले ते भूधारणेच्या रकान्यावर. तेथे 'भोगवटादार वर्ग २' असे होते. इतर अधिकारांच्या रकान्यात वतनाचा शेरा होता.

मला त्या क्षणी आठवले, की याच वतनांच्या बेडीतून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणाऱ्या कायद्याने ती गुलामी संपली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा प्रदान झाल्या. पण त्या सहज कोणी लाटू नयेत म्हणून अट घातली गेली, की जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय अशी जमीन विकता येणार नाही. ती अट म्हणजे सातबाऱ्यावरचा हा 'वर्ग २'. किती ठिकाणी आपल्याच माणसांनी गरजेपोटी साध्या स्टॅम्पपेपरवर अशा जमिनी लिहून दिल्या आणि विकणारा व घेणारा दोघेही फसले!

ताई शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, माणूस खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्याला कदाचित ठाऊकही नसेल. पण आधी त्यानं परवानगीचा अर्ज करायचा. ती आली, की वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यायचा. मग टोकन."

"आणि तोवर जमीन हातची गेली तर?"

"जाऊ दे. पैसे तर राहतील."

नणंदेच्या यजमानांनी फाइल मिटली. मग नणंद उठून स्वयंपाकघरात गेली आणि चहा तिनेच टाकला. जुन्या आठ लाखांबद्दल कोणी काही बोलले नाही. ती जखम परीक्षेने भरून निघणारी नाही. येत्या १४ एप्रिलला काय होते, ते पाहू.

वाचक बंधू-भगिनींसाठी

आमच्यातील अनेक तरुण आज बिल्डरांच्या ऑफिसांत 'साइट दाखवायला' जातात. दिवसभर उन्हात गिऱ्हाइके फिरवतात आणि महिन्याअखेर कोणाच्या तरी मर्जीवर पाकीट मिळवतात. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, की तुम्ही करता ते काम कायद्याने एजंटाचेच आहे, मग ते परवान्यानिशी करा. प्रशिक्षण महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्या. शुल्क, पात्रता, परीक्षेची भाषा आणि तारखा महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. ऐकीव माहितीवर विसंबू नका. "पास करून देतो," म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जुन्या नोट्स वापरताना सावध राहा, कारण जमिनीच्या कायद्यांत वरचेवर दुरुस्त्या होतात. आणि हेही लक्षात ठेवा, की दलालीचा दर कायद्याने ठरवून दिलेला नाही. उत्पन्न बेभरवशाचे असते. पहिल्या वर्षी दुसरा आधार हवा.

या धंद्यात आपली माणसे असण्याला आणखी एक अर्थ आहे. भाड्याचे घर शोधताना टेलिफोनवर "आडनाव काय?" असे विचारले जाते आणि आडनाव सांगताच "खोली कालच गेली," असे उत्तर मिळते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही दलित आणि मुस्लिम घरशोधकांना असे नकार मिळत असल्याचे दिसून आले. घराच्या दारात मालकाच्याही आधी दलाल उभा असतो. तेथे आडनाव न विचारता कागद तपासणारा माणूस बसला, तर त्याला परीक्षेत गुण असोत वा नसोत, एखाद्या कुटुंबाला मात्र घर मिळेल.

ज्यांना परीक्षा द्यायची नाही, फक्त घर घ्यायचे आहे, त्यांनी निदान एवढे करावे. प्रकल्पाचा महारेरा नंबर मागावा. तो इंग्रजी 'पी' अक्षराने सुरू होतो. एजंटाचा नंबर मागावा. तो 'ए' अक्षराने सुरू होतो. दोन्ही संकेतस्थळावर घालून पाहावेत. तेथे मंजूर नकाशे, काम पूर्ण करण्याची तारीख आणि कोर्टकज्जांची माहितीही पाहता येते. "नंबर येतोय," हे उत्तर म्हणजे नंबर नाही, असे समजावे. साठेखताच्या नोंदणीआधी दहा टक्क्यांवर एक रुपयाही देऊ नये आणि दिलेली रक्कम बँकेमार्फतच द्यावी.

आणि कोणी म्हणाले, "मी फक्त ओळख करून देतो," तर त्याला हसतमुखाने विचारावे, "बरं, मग तुमचा नंबर काय?"

ताईंनी आता वहीच्या मागच्या पानापासून नवा भाग सुरू केला आहे. वस्तीतल्या आणखी दोन मुली आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेला एक गृहस्थ येत्या परीक्षेला बसणार आहेत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता ते ताईंच्या घरी जमतात. पहिल्या दिवशी ताईंनी त्यांना एकच शब्द फळ्यावर लिहून दिला : अभिहस्तांतरण. आणि विचारले, "कोण देतो, कोणाला देतो, आणि काय देतो?"